प्रकाश उलटा वळवणारे पदार्थ: मेटामटेरियलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, नांदेड, लातूरकडच्या कॉलेजांत या विषयावर बोलायला उभं राहिलं की प्रश्न साधारण तेच येतात. बारावीची पोरं एक विचारतात, त्यांना सोडायला आलेले वडील दुसरंच. दोघांचेही प्रश्न इथं घेतलेत. दहावीच्या पुस्तकातलं अपवर्तन आठवत असेल तर पुढचं सगळं समजेल.

मेटामटेरियल म्हणजे नक्की काय?

मुद्दाम रचलेला पदार्थ. त्याचा गुण तो कशाचा केलाय यावर कमी आणि आतली मांडणी कशी केलीय यावर जास्त ठरतो. तांबं नेहमीचंच, सर्किट बोर्डाचं फायबरग्लासही नेहमीचंच. पण तांब्याच्या बारक्या कड्या आणि पट्ट्या त्या बोर्डावर ठरावीक अंतरानं बसवल्या की अख्खा ठोकळा लहरींशी असा वागतो, जसं ना नुसतं तांबं वागतं ना नुसतं फायबरग्लास. पैठणची धूपछाव साडी पाहा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर कलला की तिसरीच झाक. सुटा धागा हातात घेऊन ती झाक सापडत नाही, ती विणीत असते.

अट एकच, पण कडक. मांडणीतला एकेक घटक लहरीच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान हवा, ढोबळमानानं सहाव्या ते दहाव्या हिश्श्याएवढा. तरच लहरीला सुट्या कड्या जाणवत नाहीत आणि तिच्या लेखी तो सगळा ठोकळा एकसंध पदार्थ ठरतो. १० गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची तरंगलांबी ३ सेंटिमीटर, तिथं ५ मिलिमीटरचा घटक चालतो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, तिथं घटक शंभरेक नॅनोमीटरच्या आत हवा. माणसाच्या केसाची जाडी लाखाच्या आसपास नॅनोमीटर असते. या विषयातली निम्मी अडचण या आकड्यांतच आहे.

प्रकाश तर काचेतही वळतो. मग यात नवीन काय?

वळणं नवीन नाही, वळण्याची दिशा नवीन आहे.

विहिरीचं उदाहरण घेऊ. विहिरीला ४ मीटर पाणी आहे असं धरा (उन्हाळ्यात आपल्याकडं हे धरूनच चालावं लागतं). काठावरून सरळ खाली पाहिलं तर तळ ३ मीटरवरच दिसतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि ४ भागिले १.३३ म्हणजे ३. तळाकडून आलेला किरण पृष्ठभागाशी स्तंभिकेपासून दूर वळतो, पण स्तंभिका ओलांडून पलीकडच्याच बाजूला जातो. पाणी, काच, हिरा, तेल, सगळीकडं हेच. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे म्हणून तिथं वळण जास्त, इतकाच फरक.

आता त्याच विहिरीत अपवर्तनांक उणे १.३३ असलेला द्रव भरा. किरण पृष्ठभागाशी आला की स्तंभिका न ओलांडता ज्या बाजूनं आला त्याच बाजूला परत वळेल. तळाच्या एकेका बिंदूतून निघालेले किरण पाण्याबाहेर पसरायच्या ऐवजी एकत्र येतील आणि तळाची प्रतिमा पृष्ठभागाच्या ३ मीटर वर, हवेत तयार होईल. विहिरीवरच्या झाडाच्या फांदीवर बसून खाली पाहणाऱ्याला पाण्यातला दगड अधांतरी तरंगताना दिसेल. असा द्रव कुठंही नाही, पण गणित अगदी सरळ आहे, वहीवर काढून बघा.

निसर्गात असा एकही पदार्थ का नाही?

प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची जोडीनं चाललेली लहर. पदार्थ तिला दोन प्रकारे प्रतिसाद देतो: विद्युत क्षेत्राला किती, ते एप्सिलॉननं मोजतात, आणि चुंबकीय क्षेत्राला किती, ते म्यूनं. अपवर्तनांक या दोघांवरून ठरतो. एप्सिलॉन ऋण असणं काही दुर्मीळ नाही. चांदी-सोन्याचा दिसणाऱ्या प्रकाशात तो ऋणच असतो आणि धातूची चकाकी त्यातूनच येते. अडचण म्यूची. प्रकाशाच्या वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला शेकडो लक्ष कोटी वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला, नैसर्गिक पदार्थांतले अणू दादच देत नाहीत. तिथं म्यू एकच्या आसपास अडकून राहतो.

दोघांपैकी एकच ऋण असेल तर लहर आत शिरतच नाही, परत फिरते. दोन्ही एकाच वारंवारतेला ऋण झाले तर मात्र ती आत जाते आणि उलटी वळते. म्हणून खरी कारागिरी ऋण म्यू तयार करण्यात आहे.

ती तांब्याची कडी नेमकं काय करते?

ही कडी पूर्ण बंद नसते, तिला एका जागी बारीक फट असते. बहुतेक वेळा एकात एक अशा दोन कड्या आणि त्यांच्या फटी समोरासमोरच्या बाजूंना. बदलतं चुंबकीय क्षेत्र कडीतून गेलं की तांब्यात प्रवाह फिरू लागतो. फट आल्यावर तो अडतो, तिथं प्रभार साठतो, पुन्हा उलटा वाहतो. बारावीच्या भाषेत, कडी म्हणजे इंडक्टर आणि फट म्हणजे कपॅसिटर. एलसी सर्किट झालं की नाही? आणि एलसी सर्किटला स्वतःचा रेझोनन्स असतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला त्यातला प्रवाह सर्वांत जोरात झुलतो.

रेझोनन्सच्या खाली कडीतला प्रवाह बाहेरच्या क्षेत्राला साथ देतो. रेझोनन्सच्या किंचित वर गेलं की तो नेमका विरोधात जातो, आणि विरोध पुरेसा जोरदार असेल तर म्यू ऋण होतो. तांब्यात लोहचुंबकत्वाचा लवलेश नसताना. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

पण हा वारंवारतांचा पट्टा किती अरुंद हे लगेच लक्षात घ्या. ऋण म्यू मिळतो तो रेझोनन्सच्या लगत, थोड्याशाच वारंवारतांना. थोडं बाजूला सरकलं की कडी पुन्हा साधं तांबं. शिवाय रेझोनन्सपाशी तांब्यात ऊर्जाही भरपूर खर्ची पडते. खालच्या बऱ्याच उत्तरांत ‘नाही’ किंवा ‘अजून नाही’ आहे, त्याची मुळं या दोन गोष्टींत आहेत.

याचा शोध कुणी लावला?

एका माणसाचं नाव हवं असेल तर सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो. एप्सिलॉन आणि म्यू दोन्ही ऋण असतील तर काय होईल, हे त्यांनी १९६७ साली कागदावर मांडलं. उलटं अपवर्तन, उलटा डॉप्लर परिणाम, सगळं त्यात होतं. पण असा पदार्थच हाती नसल्यामुळं तो लेख तीसेक वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नाही.

मग लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आले. बारीक तारांच्या जाळीनं एप्सिलॉन हवा तसा करता येतो हे त्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, आणि फट असलेल्या कड्यांनी म्यू, हे १९९९ मध्ये. २००० साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत डेव्हिड स्मिथ, शेल्डन शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र करून ठोकळा बनवला.

आपल्याकडं यात एक नाव हमखास राहून जातं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात ताग पिळून त्याच्या जुड्या केल्या, त्यांतून मिलिमीटर-सेंटिमीटर लांबीच्या विद्युत लहरी सोडल्या आणि लहरींच्या ध्रुवणाची पातळी (लहर ज्या पातळीत डोलते ती) फिरते हे दाखवलं. उजवीकडं पिळलेला ताग एका दिशेला फिरवायचा, डावीकडं पिळलेला दुसऱ्या. साखरेच्या द्रावणात रेणू जे करतात ते त्यांनी हातानं पिळलेल्या तागाकडून करून घेतलं. त्याला मेटामटेरियल म्हणायचं का यावर तज्ज्ञ वाद घालू शकतात. माझ्या मते कल्पना तीच आहे: पदार्थाचा गुण रचनेतून घडवायचा.

उलटं अपवर्तन प्रयोगानं सिद्ध झालंय की नुसतं गणित आहे?

सिद्ध झालंय. २००१ मध्ये सॅन डिएगोच्याच गटानं फायबरग्लासच्या पातळ पट्ट्यांवर एका बाजूला चौकोनी कड्या आणि मागच्या बाजूला सरळ पट्ट्या छापल्या, त्या पट्ट्या खाचांनी एकमेकींत अडकवून जाळीदार ठोकळा केला आणि त्याला प्रिझमचा आकार दिला. १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपासची मायक्रोवेव्ह सोडली आणि डिटेक्टर गोल फिरवत कुठून बाहेर येते ते पाहिलं. टेफ्लॉनच्या प्रिझममधून ती नेहमीच्या बाजूला आली, यातून उलट्या बाजूला.

पुढच्याच वर्षी टेक्सासच्या एका गटानं आक्षेप घेतला की हे शक्यच नाही, तुमच्या निष्कर्षात गफलत आहे. बरीच जुंपली. मग २००३ मध्ये एमआयटी आणि बोइंगच्या गटांनी स्वतंत्र प्रयोग केले, निकाल तोच आला आणि वाद मिटला.

म्हणजे प्रकाश मागं जातो? की प्रकाशवेगापेक्षा जोरात?

दोन्ही नाही. आत लहरीचे शिखर-दरी उगमाकडं सरकताना दिसतात, पण ऊर्जा पुढंच जाते. ऊर्जा किंवा संदेश निर्वातातल्या प्रकाशवेगाच्या पुढं जात नाही.

माणूस गायब होतो का?

नाही. हे उत्तर ऐकून निम्मा वर्ग मान टाकतो. तरी कारण सांगतो, कारण ते उत्तरापेक्षा रंजक आहे.

२००६ मध्ये पेंड्री, डेव्हिड शुरिग आणि स्मिथ यांनी, आणि स्वतंत्रपणे उल्फ लिओनहार्ट यांनी, दाखवलं की अपवर्तनांक जागोजागी योग्य प्रमाणात बदलत नेला तर लहरी एखाद्या पोकळीला वळसा घालून पलीकडं पूर्वीच्याच मार्गानं निघतील. पलीकडच्याला मध्ये काही होतं याचा पत्ताच लागणार नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अशा आवरणाचा नमुना झाला: एकात एक दहा गोल कडी, प्रत्येकीवर तांब्याची नक्षी, मध्ये साधारण ५ सेंटिमीटर रुंदीचा तांब्याचा गोल तुकडा. ८.५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला तो तुकडा बराचसा दिसेनासा झाला. बराचसा म्हणजे पूर्ण नव्हे, थोडी सावली राहिलीच. आणि हे सगळं सपाट, दोन मितींत.

आता माणूस. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात आणि आवरण एका अरुंद पट्ट्यातच काम करतं. लाल रंगाला लपलेला माणूस निळ्यात ठळक दिसेल. वळसा घालून वेळेत पोचायचं तर लहरीच्या शिखरांना आवरणात प्रकाशवेगापेक्षा जास्त धावावं लागतं. हे एकाच रंगापुरतं जमवता येतं, सगळ्या रंगांना एकदम नाही. हा निसर्गाचाच नियम आहे, यंत्र सुधारून तो सुटत नाही. घटकांची संख्या वेगळीच: शंभर नॅनोमीटरचा एक घटक धरला तर २ मीटर उंचीला एका ओळीतच २ कोटी. आणि हेही जमलं असं धरा. प्रकाश आत येतच नाही म्हटल्यावर आत बसलेल्याला बाहेरचं काय दिसणार? मिट्ट काळोख. गायब होऊन परीक्षेत कॉपी करायचा बेत इथंच बारगळतो.

गंमत म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशात सेंटिमीटरभराची वस्तू लपवून दाखवली ती एका नैसर्गिक स्फटिकानं. २०११ मध्ये बर्मिंगहॅमच्या आणि एमआयटीच्या गटांनी कॅल्साइटचे तुकडे विशिष्ट कोनात जोडून आरशावरचा उंचवटा सपाट भासवला. फक्त एकाच ध्रुवणाच्या प्रकाशाला, हे खरं. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हाच कॅल्साइट सापडतो, लेण्यांच्या वाटेवर विकायला बसलेल्यांकडं पाहिला असेल.

मग व्हॉट्सॲपवर चादर पांघरून माणूस गायब होतो, तो व्हिडिओ?

एडिटिंग. २०१७ च्या डिसेंबरात चीनमधून असा एक व्हिडिओ ‘क्वांटम’ कापड म्हणून जगभर फिरला. तो सिनेमात हिरव्या पडद्यावर करतात त्याच पद्धतीनं केलेला होता. दर दोन वर्षांनी नवीन मथळ्यासह परत येतो.

दुसरा एक प्रकार खरा आहे, पण मेटामटेरियल नाही. आरपार दिसणारी प्लॅस्टिकची ढाल, जिच्यामागं उभा माणूस पुसट होतो. तिच्यावर बारीक उभी भिंगं शेजारीशेजारी असतात. ती माणसाकडून आलेला उजेड बाजूला पसरवतात आणि मागच्या सपाट भिंतीचा रंग समोर आणतात. तुळजापूरला किंवा माळेगावच्या जत्रेत देवाचं एक चित्र मिळतं, तिरपं केलं की देवाच्या जागी देवी येते. त्या चित्रावरून नख फिरवा, खरखर लागते. ती खरखर म्हणजेच ही भिंगं.

रस्त्यावरचं मृगजळ आणि हे एकच का?

पदार्थ म्हणून नाही, तत्त्व म्हणून जवळचं. एप्रिल-मेमध्ये जालना-बीड रस्त्यावर डांबरालगतची हवा तापून विरळ होते, तिचा अपवर्तनांक वरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि आकाशाकडून येणारा किरण हळूहळू वळत डोळ्यांत शिरतो. आपल्याला रस्त्यावर पाणी दिसतं. जागोजागी बदलणारा अपवर्तनांक किरणाला वळवतो, हेच आवरणातही आहे. फरक एवढाच की मृगजळात बदल दशांशानंतरच्या चौथ्या-पाचव्या घरात असतो, म्हणून ते फक्त लांबूनच, अगदी तिरप्या नजरेला दिसतं.

मोराचं पीस हे नैसर्गिक मेटामटेरियल आहे का?

जवळजवळ, पण नाही. नायगावच्या अभयारण्यात गळून पडलेल्या पिसातला निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसाच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या काड्या जाळीसारख्या लावलेल्या असतात, त्यांच्यातलं अंतर दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. अंतर थोडं बदललं की निळ्याचा हिरवा होतो. पीस ओलं केलं किंवा तिरपं धरलं तर रंग सरकतो, कुटून भुकटी केली तर जातो. इथंही गुण रचनेतून आला, पण जाळीचं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानानं पुरेसं लहान नाही, त्यामुळं लहर तिला एकसंध मानत नाही, काडीकाडीवरून परावर्तित होऊन स्वतःशीच मिसळते. अशा रचनेला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. मेटामटेरियलचं चुलत भावंड म्हणा हवं तर.

भिंगाला याचा उपयोग काय? मोबाइलमध्ये येईल का?

आलंय. पण ज्याची जाहिरात झाली ते नाही, दुसरंच.

जाहिरात झाली ती ‘परिपूर्ण भिंगा’ची. साध्या सूक्ष्मदर्शकातून प्रकाशाच्या निम्म्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आसपासपेक्षा, बारीक तपशील दिसत नाही. ही मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितली. बारीक तपशील घेऊन निघालेल्या लहरी वस्तूपासून जराशा अंतरावरच विझतात. २००० साली पेंड्री यांनी दाखवलं की अपवर्तनांक उणे १ असलेली सपाट पट्टी त्या विझत्या लहरी पुन्हा मोठ्या करते. २००५ मध्ये बर्कलीच्या गटानं चांदीच्या पातळ थरातून, ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, ६० नॅनोमीटरचा तपशील टिपला. पण वस्तू थराला अक्षरशः चिकटलेली हवी आणि चांदी प्रकाश खाते. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये हे पोचलेलं नाही.

बाजारात आलं ते सपाट भिंग, मेटालेन्स. २०११ मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कापासो यांच्या गटानं ठोकळ्याचा नाद सोडून एकाच पातळ थराचा विचार केला. काचेवर नॅनोमीटर मापाचे खांब, प्रत्येकाची जाडी किंवा वळण वेगळं, आणि प्रत्येक खांब लहरीला ठरल्या प्रमाणात उशीर करतो. २०१६ मध्ये त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे खांब वापरून दिसणाऱ्या प्रकाशाचं भिंग केलं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे आपल्या पांढऱ्या रंगाच्या डब्यातलं तेच. यात ऋण अपवर्तनांक नाही, धातू नाही, त्यामुळं ऊर्जा वाया जाणंही कमी. त्या कामातून निघालेली मेटालेन्झ नावाची कंपनी आणि चिप बनवणारी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांनी २०२२ पासून फोनमधल्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरसाठी असे थर पुरवायला सुरुवात केली. अंतर मोजायला एकाच रंगाचा अवरक्त प्रकाश लागतो, म्हणून तिथं ते चपखल बसतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुख्य कॅमेऱ्याला सगळे रंग एकाच जागी आणावे लागतात, ते अजून अवघड जातंय.

पत्र्याच्या घरात मे महिन्यात बसवत नाही. तिथं काही होईल का?

हा प्रश्न वडीलमंडळी विचारतात आणि मला तो गायब होण्याच्या प्रश्नापेक्षा मोलाचा वाटतो.

तापलेली कुठलीही वस्तू अवरक्त किरणं बाहेर टाकते. आपल्या हवेत ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीला एक खिडकी आहे, त्या पट्ट्यातली उष्णता वातावरणात न अडकता थेट अवकाशात जाते. ऊन जवळजवळ सगळं परतवायचं आणि या खिडकीतून उष्णता भरभर बाहेर टाकायची, असं छत केलं तर ते भर दुपारी भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहू शकतं, वीज न वापरता. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं ऐन उन्हात हवेपेक्षा जवळपास ५ अंशांनी थंड पृष्ठभाग करून दाखवला. २०१७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात त्याची गुंडाळता येणारी फिल्म झाली: पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये काचेचे काही मायक्रोमीटरचे मणी विखुरलेले, खाली चांदीचा पातळ थर, एकूण जाडी ५० मायक्रोमीटर. मणी त्या आकाराचे असल्यामुळंच फिल्म त्या खिडकीत जोरात उत्सर्जन करते. भर दुपारी दर चौरस मीटरला ९३ वॅट थंडावा मोजला गेला.

आपल्या हवेला हे मानवेल का? एप्रिल-मेमध्ये हो, कारण हवा कोरडी आणि आभाळ मोकळं. पावसाळ्यात बाष्प ती खिडकी झाकून टाकतं, तेव्हा परिणाम घटतो. आणि धूळ. आपल्याकडची धूळ महिन्याभरात चांदीची माती करेल, छत धुवायला पाणी कुठून आणणार हा खरा प्रश्न आहे.

तोवर चुना. गॅल्व्हनाइज्ड पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण उष्णता बाहेर टाकायला अगदी कंजूष, म्हणून हात लावता येत नाही इतका तापतो. त्यावर चुन्याचे किंवा पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले की परतवणंही वाढतं आणि उष्णता टाकणंही. नॅनोमीटरचं काही न करता त्याच तत्त्वाचा बराचसा फायदा मिळतो. मी तरी आज विचारणाऱ्याला हेच सांगतो.

भूकंपाच्या लाटा वळवता येतील का? किल्लारीला हे असतं तर?

लाट कुठलीही असो, तरंगलांबीपेक्षा लहान रचनेनं तिच्याशी खेळता येतं, हे तत्त्व ध्वनीलाही लागू आहे आणि जमिनीतल्या लाटांनाही. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये जमिनीत ५ मीटर खोल भोकांच्या रांगा पाडून, यंत्रानं ५० हर्ट्झची कंपनं सोडून पाहिली. भोकांच्या रांगांनी लाटेची बरीच ऊर्जा अडवून मागं फिरवली.

पण किल्लारीचं नाव आलं की जपून बोलावं लागतं. इमारती पाडणारी कंपनं सहसा १० हर्ट्झच्या खालची, त्यांच्या तरंगलांब्या शेकडो मीटरच्या. त्यांना वळवणारी रचना गावापेक्षा मोठी होईल. दुसरं, अशी रचना पृष्ठभागावरून आडव्या येणाऱ्या लाटांसाठी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उथळ होता, गावांच्या जवळपास पायाखालीच झाला. लाट खालूनच वर आली. भोवतीचं कुंपण तिथं काय करणार?

माणसं गेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीतले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, हादऱ्यानं दोन्ही अंगांना फुगून सुटले आणि माळवद खाली बसलं. कोपऱ्यांतले सांधे, आरपार जाणारे दगड, दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा, यांनी घर उभं राहतं. हे ज्ञान तेव्हाही होतं. मेटामटेरियलच्या संशोधनाला माझा विरोध नाही, पण लातूर-धाराशिवकडं घर बांधणाऱ्याचे पैसे त्या पट्ट्यात जावेत.

आमच्या तांड्यावर रेंज येत नाही. यानं येईल का?

थोडीफार शक्यता आहे. घटकांचा प्रतिसाद विजेनं बदलता येईल असे मोठे सपाट पत्रे भिंतीवर किंवा डोंगरावर लावून टॉवरचा सिग्नल हव्या त्या दिशेला वळवायचा, यावर ६-जीच्या संशोधनात बरंच काम चालू आहे. मात्र हा पत्रा सिग्नल तयार करत नाही, आलेला वळवतो. बालाघाटाच्या कड्यावर सिग्नल पोचत असेल तर खालच्या तांड्याकडं वळवता येईल. मुळात टॉवरच वीस किलोमीटरवर असेल तर टॉवरच मागावा लागेल.

लष्कराला याचा उपयोग होतो म्हणतात, खरं का?

हो, रडारपासून लपण्यासाठी. आयआयटी कानपूरनं २०२४ मध्ये ‘अनालक्ष्य’ नावाचं कापडावर आधारलेलं आवरण जाहीर केलं. ते रडारच्या मायक्रोवेव्ह वळवत नाही, मोठ्या पट्ट्यात शोषून घेतं. डोळ्यांना ते कापडच दिसतं. बातम्यांचे मथळे वाचून गैरसमज होतो तो इथंच.

औंढा नागनाथला होणाऱ्या लायगोशी याचा संबंध आहे का?

थेट नाही. लायगो-इंडियाच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेसर धावेल आणि गुरुत्वीय लहरी मोजल्या जातील. २०२३ मध्ये केंद्रानं त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथल्या आरशांवर अतिपातळ थर असतात, पण ती मेटामटेरियल नव्हेत. हिंगोलीच्या मुलांनी प्रकाशाकडं वळावं यासाठी मात्र ते निमित्त उत्तम आहे.

कॉलेजात काही करून बघता येईल का?

येईल, आणि फार पैसेही लागत नाहीत, कारण आपण मायक्रोवेव्हला राहायचं. मूळ प्रयोगातली कडी अडीच मिलिमीटरच्या जराशी वर होती, ती १०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालत होती. कडीची सगळी मापं चौपट केली की वारंवारता चौथाई होते. म्हणजे सेंटिमीटरभर कडी घ्या, २.६ गिगाहर्ट्झच्या आसपास या. इतकी मोठी कडी घरगुती पद्धतीनंही निघते.

कॉपर क्लॅड बोर्ड घ्या, गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरनं एकात एक दोन कड्या छापा, इस्त्रीनं टोनर तांब्यावर उतरवा. फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात बोर्ड हलवत राहिलं की उघडं तांबं विरघळतं. हातमोजे घाला, बोटांचे आणि शर्टाचे डाग निघत नाहीत. नंतर टोनर थिनरनं पुसा.

मोजायला व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, कुठल्या वारंवारतेला किती लहर परत येते ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) लागतो. ३ गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारे, तळहातावर मावणारे स्वस्त व्हीएनए आता मिळतात. त्याला तारेचं छोटं वेटोळं जोडा आणि कडीच्या अगदी जवळ, कडीला समांतर धरा. पडद्यावरच्या सपाट रेषेत खड्डा पडेल, तोच रेझोनन्स. वेटोळं काटकोनात फिरवा, खड्डा उथळ होईल, कारण आता चुंबकीय क्षेत्र कडीतून जात नाही. मग दोन्ही कड्यांच्या फटींवर सोल्डरचा एकेक थेंब टाका. खड्डा त्या जागेवरून गायब! तांबं उलट वाढलं, गेली ती फक्त फट. वर्गात एप्सिलॉन-म्यूवर तासभर बोलून जे समजत नाही ते या थेंबानं समजतं.

ठोकळ्याचं गणित करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असं नाही. एमआयटीत तयार झालेलं मीप आणि ओपनईएमएस ही दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात, फक्त रात्रभर चालतात.

जेईईला यावर प्रश्न येतो का?

२०१२ च्या आयआयटी-जेईईत या विषयावर उताराच दिला होता. एका प्रश्नात हवेतून मेटामटेरियलमध्ये जाणाऱ्या किरणाची बरोबर आकृती निवडायची होती: किरण स्तंभिकेच्या त्याच बाजूला राहतो ती. दुसऱ्यात प्रकाशाच्या वेगाबद्दलचं बरोबर विधान विचारलं होतं. उत्तर: सी भागिले एनचं निरपेक्ष मूल्य. ऋण चिन्ह दिशेत गेलं, वेग धनच राहतो.